राष्ट्राध्यक्षांनी कोणाला विचारलं?

पाथर्डीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचे. भिंगारहून एसटीने निघायचं, करंजीचा घाट ओलांडून उतरायचं आणि फलाटावरून थेट वर्गात. एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता. कायम नोकरीतल्या कोणालाच तो नको असायचा, म्हणून माझ्याकडे आला.

मुलं गाईड घेऊन बसत. पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी दारूवरच्या कराविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठाव मोडायला सैन्य नेलं, त्यामुळे केंद्र सरकारची सत्ता सिद्ध झाली. गाईडात एवढंच, आणि परीक्षेलाही तेवढंच लागे. मी एक दिवस गाईडं मिटायला लावली. म्हटलं, "निर्णय बरोबर की चूक ते नंतर बघू. त्या दिवशी त्यांना काय ठाऊक होतं? ते कोणी सांगितलं? आणि कोणाचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही?"

मग मी त्या डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यांचं सांगितलं. धान्य घाट ओलांडून बाजारात न्यायचं तर वाहतुकीतच सगळं जायचं, म्हणून ते धान्याची दारू गाळत. कर नेमका तिच्यावर बसला. ज्याने भरला नाही त्याला समन्स, आणि सुनावणी डोंगराच्या अलीकडे, कित्येक दिवसांच्या वाटेवर.

मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. तोवर ती वर्गात कधी बोलली नव्हती. आई-बाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात आणि ती चुलत्याकडे राहून शिकत असे.

"मॅडम, तारखेला तिकडं गेल्यावर मागं रान कोन बघनार? ह्ये त्यांना कुनी सांगितलं हुतं का?"

"त्यांना माहिती बरीचशी कर वसूल करणाऱ्यांकडून यायची," मी म्हणाले.

"म्हंजी ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांच्याच तोंडून ऐकलं."

पुढच्या बाकावरचा एक जण उठला. सैन्य न्यायच्या आधी राष्ट्राध्यक्षांनी बोलणी करायला माणसं पाठवली होती, हे विसरून कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "पाठवली, व्हय. पण सैन्याची तयारी चालू ठिवून पाठवली." तास संपला तरी दोघं भांडत होती. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला उभं राहावं लागलं आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढचे काही महिने वर्ग असाच चालला. तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी फ्रान्सकडून अफाट मुलूख विकत घेतला, तेव्हा राज्यघटनेत तशी तरतूद होती का, यावर ती मुलं दोन दिवस वाद घालत होती. तिथं आधीपासून राहणाऱ्यांना कोणी विचारलं का, हा प्रश्न तिचाच.

मग कॉलेजने एम.ए.चे वर्ग सकाळी सातला नेले. दुपारच्या खोल्या नव्या, भरपूर फीच्या कोर्ससाठी हव्या होत्या. खेड्यावरून येणाऱ्या मुलींना त्या वेळेला गाडीच नव्हती. ती मुलगी आणखी दोघींना घेऊन प्राचार्यांकडे गेली. आवाज न चढवता तिने विचारलं, "सर, हा निर्णय घेताना आमच्या गाड्यांच्या वेळा तुमाला ठाऊक हुत्या का? कुनाला विचारलं हुतं?"

प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर चहा ठेवला.

"मॅडम, मुली फार छान प्रश्न विचारतात. तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो."

"आपण तुम्हाला अमेरिकेच्या इतिहासासाठी घेतलंय. तो अमेरिकेतच राहू द्या."

वेळ बदलली नाही. हजेरी भरली नाही म्हणून त्या तिघींना परीक्षेला बसू दिलं नाही. जूनमध्ये मला नेमणुकीचा फोन आला नाही. मी केला, तर क्लार्क म्हणाला, "या वर्षी तास कमी आहेत." माझ्या जागी आलेला माणूस गाईडातून वाचून दाखवतो, हे मला त्याच वर्गातल्या मुलांनी सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं नाही, निकाल चांगला लागला म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी पाथर्डीच्या स्टँडवर ती भेटली. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये इतिहास शिकवत होती. तिने आग्रहाने चहाला नेलं. तिची बोली बरीच बदलली होती.

"एम.ए. पुढे केलंस का?" मी विचारलं.

"नाही. घरच्यांनी परत नाव घालू दिलं नाही. म्हणाले, साहेबाशी भांडायला पाठवलं होतं का तुला." तिने कप फिरवला. "मॅडम, तुमचे तास लई आवडायचे. पण मी त्या दिवशी गप बसले असते, तर कुठूनतरी हजेरी भरून निघाली असती. बाकीच्यांची निघालीच की."

"तू विचारलंस ते बरोबर होतं."

"बरोबर हुतं," ती म्हणाली.

मी विचारलं, "क्लासमध्ये पोरं प्रश्न विचारतात?"

"सुरुवातीला एखादं विचारतं, असं का झालं म्हणून."

"मग?"

"ते परीक्षेला येत नाही, म्हणते मी. मग नाही विचारत."

तिने हे दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मला राग आला, तिचा नाही, पण तो काढायला समोर तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मी बॅग उचलली, गाडी लागली असेल म्हणाले आणि निघाले. गाडीला अजून वेळ होता.