उजवी बाजू वर

साथीमुळे विमानतळ बंद होऊन आठवडे उलटले होते आणि माझ्या मजल्यावरच्या जपानी शेजारणीची आई तिकडे इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. दूतावास, एअरलाइन, नवऱ्याचं ऑफिस, सगळीकडे फोन करून ती मेटाकुटीला आली होती. जो तो वाट पाहा म्हणायचा. बाहेर संचारबंदी, आखातातल्या आमच्या एगैला वस्तीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही दोघी जिन्यात बसायचो आणि ती रडली की मला नुसता संताप यायचा.

एका दुपारी ती किमोनो घेऊन दारात आली. आईचाच, लग्नात हिला दिलेला. नेसवायचीही नेहमी आईच, हिला एकटीला जमत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर आईला त्यात एकदा दिसायचं, एवढंच आता तिच्या हातात होतं. मी साड्या नेसते, अख्ख्या एगैलातल्या मराठी बायकांचे ब्लाऊज शिवते, म्हणून ती माझ्याकडे आली. मीही कंबर कसली.

राखाडी रेशीम, खाली उडणारे सारस. जास्तीची लांबी मी कमरेशी दुमडून दोरीने बांधली, त्यात विशेष काही नव्हतं. मग ब्लाऊजची उजवी पट्टी वर येते तशी किमोनोचीही उजवी बाजू डावीवर घेतली. हाताला तीच सवय.

आरशात पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अशी उजवी बाजू फक्त मेलेल्या माणसाची वर घेतात," ती म्हणाली.

ती रागावली नाही. आम्ही सगळं सोडलं आणि डावी बाजू वर घेतली. कॉलवर आईने डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं आणि गळा ढिला राहिलाय म्हणाली. शेजारीण हसली, मग रडली. आता तरी हिला एक विमान मिळू दे, म्हणून मी देवाला वेठीस धरलं.

विमान मिळालं नाही. त्याच आठवड्यात तिने मला बोलावलं. आई गेली होती. शेवटचे कपडे तिला कुणी नेसवले, हेही हिला कळलं नव्हतं. पलंगावर तो किमोनो उताणा पसरलेला, दोन्ही बाजू उघड्या.

"माझ्याने होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी घेतली होती, तशी घ्या."

मी उजवी बाजू उचलली आणि डावीवर ठेवली.