कच्चा लिंबू

लीड्सला माझी लेक अमेरिकन फुटबॉल खेळते. तिच्या टीमच्या कोचचे हात कायम जॅकेटच्या खिशात असायचे. उजवा हात बाहेर आला की समजायचं, एक रिसीव्हर बाहेर येणार आणि दुसरी आत जाणार. बॉल झेलायला मुली पाच आणि मैदानावर जागा दोन. आम्ही आईबाप मॅचपेक्षा त्या हाताकडेच जास्त बघायचो.

त्या रविवारी सेकंड हाफ निम्मा झाला तरी लेक बाहेरच. मी वैतागून बायकोला म्हणालो, "कच्चा लिंबू करून ठेवलंय तिला."

आजवर फक्त इंग्रजी बोललेला कोच वळला. "नाही काका. मॅच जिंकला मग पाठवला, तर ती कच्चा लिंबू. टाइट झाला की पाठवतो."

इथेच जन्मलेल्याचं मराठी.

मॅच टाइट झाली. आम्ही थोडक्यात मागे, वेळ संपत आलेली. हात बाहेर आला, लेक आत गेली, आणि पहिलाच बॉल तिच्या बोटांना लागून खाली पडला. बाहेर यायच्या तयारीनेच तिने कोचकडे पाहिलं.

"काढा तिला," मी म्हणालो. "प्लीज."

हात खिशातच राहिला. मैदानावरची नजर न हलवता तो म्हणाला, "काका, आता तुम्ही करतो तिला कच्चा लिंबू."

लेक परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी माझे दोन्ही हात खिशात कोंबले.