चार मालिशांत पळालेला लकवा

"त्या चमत्कारवाल्या बाई इथेच बसतात का?" असं विचारत एक माणूस माझ्या दुकानात शिरला, तेव्हा मी बाही बेतत होते. मी म्हटलं, "इथे कपडे शिवून मिळतात. चमत्कार नाही."

"तसं नाही हो. मालिश करून लकवा घालवतात, त्या बाई."

माझी कात्री हवेतच राहिली. माझ्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर दोन खोल्या आहेत आणि त्या खोल्यांत माझी मैत्रीण मालिशचा व्यवसाय करते. सगळे तिला ताई म्हणतात. पण लकवा घालवते असं ती कधी झोपेतसुद्धा बोलली नसती.

ताईने मोठ्या रुग्णालयाच्या व्यायामोपचार विभागात मदतनीस म्हणून उमेदीची वर्षं घातली. तिथेच रीतसर शिकली आणि मग स्वतःचं थाटलं. एका खोलीत उंच पलंग, दुसरीत दोन खुर्च्या आणि टॉवेलांचं कपाट. तिचा निम्मा जन्म त्या टॉवेलांचं तेल काढण्यात गेलाय. गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी, तरी वास म्हणून जात नाही. आखडलेली पाठ, धरलेली मान, बाळंतिणीची कंबर, ओझी उचलून भरून आलेले खांदे, ही तिची रोजची माणसं. पालथा पडलेला माणूस खोटं बोलत नाही, असं ती म्हणते. सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांचा उद्धार त्या पलंगावर होतो आणि तिथेच जिरतो. एक शब्द जिन्याखाली येत नाही.

आणि मालिश म्हटलं की डोळे मिचकावणारेही येतातच. अशा एकाला तिने चप्पल घालायचीही फुरसत दिली नव्हती. तो चपला हातात घेऊन जिना उतरला, माझ्या देखत.

नवीन माणूस आला की ती आधी हात लावत नाही, प्रश्न विचारते. कधीपासून दुखतंय, पडला होतात का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. उत्तर पटलं नाही तर सरळ सांगते, "हे माझं काम नाही. डॉक्टरांना दाखवा." हातातोंडाशी आलेलं गिऱ्हाईक अशी परत पाठवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

तर झालं होतं असं. एक निवृत्त पोस्टमास्तर तिच्याकडे येत. त्यांना लकवा होऊन गेला होता. रुग्णालयाची औषधं आणि व्यायाम त्यांनी महिनोन् महिने नेटाने केले होते. ताई फक्त त्यांचा आखडलेला खांदा मोकळा करून द्यायची. एके दिवशी पलंगावरून उठून बाहेर आल्यावर त्यांनी त्या हाताने स्वतःचे केस विंचरले आणि लहान मुलासारखे हसले. नेमके तेव्हाच ताईच्या थोरल्या बहिणीचे यजमान बाहेरच्या खुर्चीत बसले होते. हे भावोजी नोकरीतून मोकळे झाल्यापासून फोन हातातून खाली ठेवत नाहीत. त्यांनी ते विंचरणं टिपलं, त्यावर आपला भरदार आवाज चढवला आणि जगभर पाठवून दिलं. "चार मालिशांत लकवा पळाला! गोळ्या बंद, हात चालू!" खाली पत्ता.

मग जी रीघ लागली! कुणी आईला खुर्चीसकट उचलून जिन्याने वर आणलं. कुणी न बोलणारं मूल आणलं. ताई प्रत्येकाला समोर बसवून सांगायची, "तो व्हिडिओ खोटा आहे. ते व्यायामाने बरे झाले. मला हे येत नाही." ऐकून माणसं काय करत? खाली येऊन माझ्यापाशी कुजबुजत, "बाई फार भाव खातात हो. कुणाची ओळख लागते का?" त्या न बोलणाऱ्या मुलाचा बाप तर दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिला. त्याला मी पाणी नेऊन दिलं. आणि ज्याने त्याला इतक्या लांबून आशेला लावून आणलं, तो घरी पंख्याखाली आपला व्हिडिओ किती जणांनी पाहिला ते बघत बसला होता.

ताईने माझ्यासमोर भावोजींना फोन लावला. "भावोजी, तो व्हिडिओ काढून टाका."

"अगं, वाईट काय सांगितलं मी? तुझंच नाव झालं ना?"

"खोटं नाव झालं."

"थोडं मीठमसाला लावून सांगावं लागतं. तुला धंद्यातलं कळत नाही."

थोरल्या बहिणीचा नवरा, तिने जीभ आवरली. फोन ठेवला आणि धुतलेले टॉवेल पुन्हा धुवायला घेतले.

पुढच्याच आठवड्यात एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. मुलगी म्हणजे शाळेत शिकवणारी, चांगली जाणती बाई. वडिलांना रक्तदाब. ताईने नेहमीप्रमाणे विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बंद केल्या की," वडील हसून म्हणाले. "तुमच्याच व्हिडिओत सांगितलंय."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. हसताना त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेलाच नव्हता. तिने दोन्ही हात उचलायला सांगितले. एक हात खाली घसरला. पुढच्या क्षणी ती जिन्यावरून ओरडली, "गाडी बघ! लवकर!" मी शटरसुद्धा न ओढता रस्त्यावर धावले. मिळेल ती गाडी थांबवली आणि चौघंजण रुग्णालयात पोचलो.

ते वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पण बोलणं ओढलं गेलं ते गेलंच. व्हरांड्यात मुलीने ताईला विचारलं, "तो व्हिडिओ तुमचाच ना?"

मला वाटलं, आता ही सगळं सांगेल. ती नुसती "हो" म्हणाली. मला राहवेना, मी मध्ये तोंड घालणार होते, तर तिने माझा दंड असा दाबला की वळ उठला.

तिथून ती घरी गेली नाही. थेट बहिणीकडे गेली. मीही मागोमाग. भावोजी चहा पीत होते.

"फोन काढा," ताई म्हणाली.

"आधी बस तर खरी."

"बसायला आले नाही. एक माणूस तुमचं ऐकून गोळ्या बंद करून बसला. आत्ता त्याला रुग्णालयात ठेवून आलोय. त्याला स्वतःच्या मुलीचं नाव धड घेता येत नाहीये."

भावोजींचा रंग उतरला, पण हेका नाही. "मी काय कुणाच्या हातातून गोळी हिसकावली का? लोकांनी आपली अक्कल वापरायला नको?"

"लोकांची अक्कल काढता? तुमची गहाण पडली होती का?"

"अगं, थोरल्यांशी बोलायची ही कुठली रीत?" बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. ताईचे डोळे भरले. आता बहीण नवऱ्याचीच बाजू घेणार असं मलाही वाटलं. पण बहीण नवऱ्याकडे वळली.

"काय हो, रोज सकाळी तुमच्या रक्तदाबाची गोळी मी पाण्याबरोबर हातात देते. ती कधी बंद केलीत?"

भावोजींनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"नाही ना केलीत? एकदा मी विसरले, तर घर डोक्यावर घेतलं होतंत. लोकांना मात्र 'गोळ्या बंद'! द्या तो फोन."

फोन मुकाट्याने पुढे आला. बहिणीनेच तो व्हिडिओ काढून टाकला आणि नवऱ्याला भिंतीशी उभं करून दुसरा करायला लावला. "मी सांगितलं ते खोटं होतं. गोळ्या बंद करू नका." त्यात त्यांचा आवाज काही भरदार नव्हता. पहिला व्हिडिओ गावभर झाला होता. हा कुणी पाहिलासुद्धा नाही. जुन्याच्या नकला अजून फिरताहेत.

ताईने जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली : "इथे कोणताही आजार बरा होत नाही. आखडलेलं अंग मोकळं होतं. आपल्या गोळ्या चालू ठेवा." परवा एक गृहस्थ ती वाचून मला म्हणाले, "एवढं कसब असून किती नम्र!" माझ्या हातात टाचण्या होत्या. ते थोडक्यात वाचले.

गर्दीला कंटाळून तिची जुनी माणसं तुटली, त्यातली थोडी परतली. भावोजी तिच्याशी बोलत नाहीत, तिलाही बोलायचं नाही. त्या मुलीला खरा प्रकार पोस्टमास्तरांनी स्वतः जाऊन सांगितला. आता डॉक्टरांना विचारून ती वडिलांना खांद्यासाठी आणते. ते जिना चढताना एकेक शब्द घोकत येतात. मी ताईला म्हटलं, "बघ, सुधारताहेत. आता तरी शांत हो."

"शांत कशाला होऊ?" ती म्हणाली. "तो माणूस पूर्वी शाळेच्या कार्यक्रमांत भाषणं करायचा." आणि बादलीत टॉवेल असे आपटले की पाणी माझ्या अंगावर उडालं.