अक्काचं 'न्हाई'

चिंचवडच्या गावठाणातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. इंटरला आम्हाला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. दुपारी मी ती माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मराठीत सांगायची. ती तांदूळ निवडत ऐकायची. त्यातली गरीब मुलगी एका जमीनदाराला तोंडावर नकार देते, तिथे अक्काचे हात थांबले.

"आन् त्यो गेला?"

"गेला."

"निस्तं न्हाई म्हणल्यावर?"

अक्काचा जीव शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या फिटरवर जडला होता. पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला आलेला, साताऱ्याकडचा, आमच्या जातीचा नव्हे. हे फक्त मला ठाऊक होतं. घरच्यांनी तिला मोशीच्या एका बिजवराला द्यायचं घाटलं होतं. इंद्रायणीकाठी बागायत, मग काय, आबा हुरळून गेलेले.

पाहायला आले तेव्हा बिजवराच्या आत्याने रीतीप्रमाणे विचारलं, "पसंत हाय न्हवं, पोरी?" यावर मुलीने खाली बघायचं असतं. अक्काने वर पाहिलं आणि खणखणीत म्हणाली, "न्हाई. मला ह्यांच्याशी लगीन न्हाई करायचं."

आत्याबाई खळखळून हसल्या. "लाजली गं बाई! आमी बी असंच म्हणलो हुतो. आणा साखर!" पांढरेफटक पडलेले आबा सगळ्यांत मोठ्याने हसले.

"ती खरंच न्हाई म्हणतीया!" मी ओरडले. आईने मला दंडाला धरून चुलीपाशी ढकललं.

अक्काने जेवण टाकलं, तर नवरीला भूक कुठली, असं झालं. हळदीला ती ऊर फुटेस्तोवर रडली, तर बायकांना तिच्या माहेरच्या मायेचं कौतुक. मांडवात पाय उचलेना, तर मामाने हसत हसत पुढे रेटलं. मला संतापाने वेड लागायचं बाकी होतं. तिने काहीही केलं तरी ते रीतीतच बसत होतं. आणि तो फिटर? हळदीच्या आदल्या दिवशी खोली सोडून गेला. त्याचा राग मला अजून आहे.

दिवाळीला अक्का माहेरी आली. रडत नव्हती, बोलतही नव्हती. काही विचारलं की नुसती मान हलवायची. आई शेजारणीला ओसरीवर बसून सांगत होती, "रमली गं माझी पोर."