पडद्यावरचा दिवा

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाबा खाडीत होडी घालायचे, आई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची, आणि मी बी.एस्सी. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पण त्या पदवीमुळे घरात माझा शब्द जरा जास्तच चालायला लागला होता, तेही सांगितलं पाहिजे. मी म्हटलं टीव्ही काढायचा, की टीव्ही निघाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कळव्याला खाडीलगत आमच्या दोन खोल्या. मी घरी कम्प्युटर आणलेला आणि तो ठेवायला जागा नव्हती. ऑफिसातला डोंबिवलीचा एक मित्र म्हणाला, "अरे, आत एक कार्ड बसवलं की केबलची वायर थेट कम्प्युटरला लागते. वेगळा टीव्ही हवाय कशाला?" रविवारी येऊन त्याने कार्ड बसवून दिलं. पहिले दोन तास चित्र काळंपांढरं यायचं आणि वरून खाली सरकत राहायचं. मग त्याने यादीतून आपल्या देशाची प्रक्षेपणाची पद्धत निवडली आणि एकदम रंग आले. बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीचे काठ मोजता येतील इतके रेखीव.

"याला हाय डेफिनिशन म्हणतात," मित्र म्हणाला. ते तसं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. पण आमच्या जुन्या टीव्हीवर माणसं मुंग्यांच्या पडद्याआडून बोलायची. त्यापुढे हे म्हणजे खिडकी उघडल्यासारखं होतं. मी आठवडाभर ऑफिसात आणि गल्लीत हाय डेफिनिशन, हाय डेफिनिशन करत फिरलो. जुना टीव्ही बहिणीला शहाडला दिला. बाबा फक्त म्हणाले, "आता बातम्या बगायला पन शिकलेला मानूस लागनार घरात."

आता आईचं सांगतो. आई मासे विकायची ते पोटासाठी. गावात तिला मान होता तो धवलारीण म्हणून. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, नवरानवरीला हळद चढवते. हे कुठे लिहिलेलं नाही. आईला ते तिच्या आईने तोंडी दिलेलं. आईला सही करता येत नव्हती, पण दोन-अडीच तासांचे धवले एक शब्द इकडचा तिकडे न होता यायचे.

त्याचे नियम कडक. समोर दिवा पाहिजे. देव येतात ते दिव्यावर येतात, असं ती मानायची. मध्येच दिवा विझला तर तिथेच थांबायचं, दिवा लावायचा आणि पहिल्या ओळीपासून परत सुरू करायचं. मग कितीही वेळ जावो, मांडवात कितीही लोक उपाशी बसोत.

त्या हिवाळ्यात सरकारी टीव्हीवाली माणसं गावात आली. बायकांच्या दुपारच्या कार्यक्रमासाठी त्यांना धवले हवे होते. आई आधी नाहीच म्हणाली. लग्न नसताना धवला म्हणायचा कसा? शेवटी मीच समजावलं. म्हटलं, "आये, तुज्यामागं हे कोन म्हननार? निदान टेपवर तरी राहील." तिने अट घातली. दिवा लावायचा, पाटावर तांदूळ, तांदळावर दोन सुपाऱ्या, त्याच नवरानवरी. देवळापुढच्या अंगणात शूटिंग झालं. मी ऑफिसात होतो.

आणि मग गावात बोलणं सुरू झालं. लग्नाशिवाय धवला गायली. टीव्हीसाठी देवांना बोलावलं. दिवाबिवा काही नव्हता, नुसते ते मोठे लाईट. आई बाजारातून यायची ती तोंड आवळून. बरोबर गायला बसलेल्या दोघी सांगत होत्या की दिवा होता, आम्ही लावला. पण त्या तिच्याच बाजूच्या, त्यांचं कोण धरतं?

नेमकं त्याच वेळी आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या नातीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. गावातलं मोठं घर. त्या घरची सगळी लग्नं आईनेच लावलेली. या वेळी मात्र आजींकडून बोलावणं येईना. आई एक दिवस स्वतः गेली. आजी सरळ बाई, त्यांनी सरळ सांगितलं.

"लोक काय बोलतान ते तुला ठाव हाय. माजी नात हाय. मी जोखीम नाय घेनार. खाडीपलीकडची धवलारीण मोकळी हाय, तिला निरोप धाडीन बोलतंय."

"काकी, दिवा होता," आई म्हणाली.

"होता ना? मंग ते टीव्हीवर लागंल तवा दाखव. मी येतंय बगायला."

आई घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"तुज्या मशीनवर दिवा दिसंल ना रं? बारीक समई हाय. मना खरं सांग."

"समई काय घेऊन बसलीस? वात दिसेल, सुपारीवरच्या रेषा दिसतील," मी म्हणालो.

असं बोलायला मला काहीच वाटलं नाही.

कार्यक्रम लग्नाआधीच होता, दुपारी चारला. मी अर्धा दिवस रजा टाकली. तीनपासून बायका जमायला लागल्या. आजींना त्यांच्या सुनेने हाताला धरून आणलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलेलं. मी त्यांना खुर्ची दिली, अगदी पडद्यासमोर. आई मात्र बसेना. मोरीच्या दाराला टेकून उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

पावणेचारला लाईट गेली.

खोलीत एकदम सगळ्या बोलायला लागल्या. शेजारची मामी दारातच उभी होती. "बाय गो, झाला शिनेमा!" ती म्हणाली. चार-पाच मिनिटांत लाईट आली, तर मामीने तिथूनच हाक दिली, "चला गो माज्याकडं! आमचा टीव्ही खटका दाबला की लागतो. त्याला कालेजात जायला लागत नाय!"

सगळ्या हसल्या.

कम्प्युटर चालू केला, तर मध्येच बंद पडल्यामुळे तो आधी स्वतःची तपासणी करत बसला. निळा पडदा आणि त्यावर एक पिवळी पट्टी, मुंगीच्या चालीने सरकणारी. ती संपल्याशिवाय मला काही करता येईना. चारला पाच कमी. पट्टी अर्ध्यावर. चार वाजले तसं भिंतीपलीकडून मामीच्या टीव्हीवर कार्यक्रमाच्या सुरुवातीचं संगीत लागलं. दोघी-तिघी उठून तिकडे गेल्याच.

"आये, तू पण जा तिकडे," मी म्हणालो.

"तिच्या टीव्हीवर मानूस वलखू येत नाय, दिवा काय दिसनार?" आई म्हणाली. "तू बोललास ना दिसंल? मंग लाव."

आजी हलल्या नाहीत. "लागंल गं," एवढंच म्हणाल्या.

पट्टी संपली. कार्डाचा प्रोग्रॅम उघडला. आधी एक बाई रव्याचे लाडू करत होती. मी चित्र पूर्ण पडद्याएवढं केलं. बायका पुढे सरकल्या. लाडू संपले, निवेदिका काहीतरी छान छान बोलली, आणि आमचं देऊळ दिसलं.

खरंच सांगतो, त्या क्षणी मी सगळं विसरलो. देवळाच्या पायरीचा उडालेला रंग दिसत होता. अंगणात आई बसलेली, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. आणि पाटावर समई. तिची ज्योत इतकी स्वच्छ, की तिच्या टोकाची थरथर कळावी. दोन सुपाऱ्या, पांढरे तांदूळ.

"दिवा हाय! आजी, दिवा हाय!" बायका ओरडल्या.

"हाय ना?" आजी म्हणाल्या आणि गुडघ्यावर थाप मारली.

मी आईकडे वळून पाहिलं. तिने पहिल्यांदा दाराचा आधार सोडला होता.

पडद्यावर धवला सुरू झाला. कॅमेरा आईच्या तोंडाजवळ गेला. तिने डोळे घट्ट मिटलेले. शूटिंगचे लाईट डोळ्यांत जात होते म्हणून, असं ती नंतर म्हणाली. मग बाकीच्या दोघींचे चेहरे. मग हात. मग कॅमेरा पुन्हा मागे आला आणि सगळं अंगण दिसलं.

समईवर ज्योत नव्हती.

वातीतून धुराचा एक बारीक धागा वर जात होता आणि आई डोळे मिटून गात होती. त्या पांढऱ्याधोप प्रकाशात कुणाला कळलंच नसणार. खाडीवरून वारा आला असेल. मामीच्या टीव्हीवर हे चित्र म्हणजे नुसते करडे ठिपके. माझ्या पडद्यावर धूर दिसत होता.

मी पडद्याच्या सगळ्यात जवळ होतो, म्हणून मला आधी दिसलं. मागच्या बायका गाण्यात होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माऊस माझ्या हातात होता. मी फार विचार केला असं नाही. एक बटण दाबलं आणि चित्र आक्रसून कोपऱ्यात काड्यापेटीएवढं झालं.

"अरे! काय केलंस?"

"हँग होतोय," मी म्हणालो. "पूर्ण पडद्यावर ताण येतो त्याच्यावर."

बायकांनी मान हलवली. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ताण येत असणार. आई मात्र माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. बाजारात गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून बघताना ती त्याच्या हाताकडे बघायची, तशी.

"मोटं कर," ती म्हणाली.

"आये, बंद पडेल."

"पडू दे. मोटं कर."

मी मोठं केलं. अजून तेच अंगण चालू होतं. धूरही आता नव्हता, काळी वात तेवढी. खोलीतली कुजबुज एकेक करून थांबली. पडद्यावरची आई गातच राहिली, सुरेल, एक शब्द न चुकता, आणि ते ऐकायला मला नको झालं.

आजींना ते दिसत नव्हतं. त्यांनी मान थोडी वर केली. "गप कनाला झाल्या गो सगल्या? दिवा हाय ना?"

त्यांची सून खुर्चीची पाठ धरून पडद्याकडेच बघत राहिली. मला वाटलं, आता कुणीतरी हो म्हणावं. मीच म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"नाय, काकी," आई म्हणाली. "इजला. मना कललं नाय. मी तशीच गायली."

पडद्यावर तेवढ्यात जाहिरात लागली. मी आवाज बंद केला. पलीकडे मामीच्या घरात तीच जाहिरात मोठ्याने चालू राहिली.

आजी सुनेचा हात शोधून उठल्या. "तू खोटी बाई नाय, ते मना आदीपासून ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पन मी पलीकडच्या बाईला निरोप धाडतंय. राग नको धरू."

"राग कसला," आई म्हणाली आणि दारापर्यंत सोडायला गेली.

सगळ्या गेल्यावर मी बोलायला लागलो. मी लहान केलं होतं ना, कुणाला दिसत नव्हतं, तू गप्प राहिली असतीस तर एक अक्षर कुणी बोललं नसतं. मोठ्याने बोललो. आईने ऐकून घेतलं.

"तुला धा मिनटां झाली शिकून," ती म्हणाली. "मी धा वर्सांची असल्यापासून दिव्यापुडं बसतंय. देव आलंच नसतील तर मी कोनाला बोलावलं? पोरीच्या लग्नात हे पोटात धरून गाऊ?" मग पातेलं उचलून मोरीत गेली. रात्री बाबांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "चांगलं दिसत हुतं. सगलं दिसत हुतं."

माझ्या पदवीचा मला तेव्हा राग आला असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल. राग आईचाच आला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

लग्नाला आम्ही गेलो. आईने ते टाळलं नाही. पलीकडची धवलारीण तरुण होती, गळा गोड, पण नजर सारखी भिरभिरती. आई बायकांच्या मागच्या रांगेत बसलेली. हळद लागताना मांडवात पंखे लावले होते, आणि एका बाजूने खाडीचा वारा. ज्योत आडवी व्हायला लागली. गाणारीचा सूर घसरला. तेवढ्यात आई उठली, बायकांमधून वाट काढत पुढे गेली आणि समईच्या वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसली. पदर दोन्ही हातांनी ताणून धरला, भिंतीसारखा. एक शब्द गायली नाही. दोन तास तशीच. मध्ये एकदा मी पाण्याचा पेला घेऊन गेलो, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

आजी माझ्या शेजारी खुर्चीत होत्या. समोरची हालचाल त्यांना जाणवली असावी.

"दिव्याकडं कोन बसलंय रं?"

मी सांगितलं.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "हलद चढून सरंपर्यंत उटू नको म्हनावं."