गुरुजींचे जोक आणि एक इंग्रजी शब्द

दिघोरीच्या लहानू गुरुजींचं सदर मी बंद केलं होतं.

आज सकाळी गुरुजी गेले.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर आमच्या पेपरने भंडाऱ्याचं स्वतंत्र पान काढलं. ते माझ्याकडे होतं. रविवारी गुरुजींचे चार जोक छापायचो.

जोक आधी शेतात तपासले जायचे. धानाची रोवणी चालू असली की गुरुजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बायांना ऐकवत. चिखलात वाकलेल्या बाया हसून सरळ उभ्या झाल्या, तर जोक पास. नाहीतर कागद फाडायचा.

एक नमुना.
"तुहा नवरा रोवणीले काहून नाही आला वं?"
"त्याची कंबर दुखते."
"काल तं वरातीत नाचून राहिला होता!"
"मंग दुखन नाही तं काय?"

एकदा नागपूरचे साहेब पान बघायला येणार होते. मी गुरुजींच्या कागदावर लाल पेनने लिहिलं, 'कॉर्नी. यापुढे नको.' आणि कागद पोस्टाने परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी तोच कागद घेऊन ऑफिसात.

"साहेब, हा शब्द शाळेतल्या डिक्शनरीत नाही सापडला."

"बाळबोध, शिळा विनोद," मी म्हणालो.

"आला कुठून पण?"

मोठी डिक्शनरी काढली. कॉर्न म्हणजे मका. अमेरिकेत शहरातले वादक खेड्यातल्या संगीताला कॉर्नी म्हणायचे, मका खाणाऱ्यांचं. पुढे तो शब्द जोकांनाही चिकटला.

"म्हंजे ज्याच्या गावात मका पिकते, त्याचा जोक?"

"हो."

"आमच्याकडं धान पिकते."

"तेच ते, गुरुजी."

"तुम्ही वाचून हासले का?"

"हासलो."

"मंग बंद काहून करून राहिले?"

मी म्हणालो, जाहिराती वाढल्या, जागा नाही.

"मंग तसं लिहाचं नं," गुरुजी म्हणाले. चहा घेतला, साडेचारच्या बसने गेले.

त्यानंतर त्यांनी एकही जोक पाठवला नाही. साकोलीच्या बसस्टँडवर भेटले की 'जय भीम' म्हणून माझ्या बीपीची चौकशी करायचे.

जागा होती. तिथे मी शब्दकोडं छापलं.

मीही धानाच्याच गावचा. पान बघून साहेबांनी मला खेडवळ समजू नये, एवढंच कारण होतं. गुरुजींना हे सांगायला बरीच वर्षं मिळाली. सांगितलं नाही.

तुमचे जोक चांगले होते, गुरुजी.

अखेरचा जय भीम.