पुस्तकात म्हातारा मरतो

डायनासोरांचा तो गाजलेला सिनेमा मी परळीच्या टॉकीजमध्ये पाहिला, हिंदीतून. तेव्हा मी केज तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. तो सिनेमा पाहिलेला गावात मी एकटाच मास्तर, त्यामुळे डायनासोर हा विषय आपोआप माझ्या मालकीचा झाला. युसूफ वडगावच्या बाजारात भेटलेली माणसंसुद्धा थांबवून विचारायची, "सर, आसली जनावरं खरंच व्हती का?" मी भाजीची पिशवी खाली ठेवून हातवारे करीत सांगायचो.

सिनेमा एका जाडजूड कादंबरीवरून केलाय, हे मला ठाऊक होतं. ती मी वाचली नव्हती. पण वाचली नाही, असंही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी त्या कादंबरीचा मराठी अनुवाद देणगीच्या गठ्ठ्यातून शाळेच्या पुस्तकपेटीत आला. पेटीची किल्ली आठवीतल्या एका मुलीकडे असायची. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि ती चुलत्याकडे राही. पेटीतलं एकही पुस्तक तिनं सोडलं नव्हतं.

त्या वर्षी शाळेत पुस्तक परिचयाची स्पर्धा झाली. परीक्षक मी. सगळी शाळा पटांगणात बसलेली. दहावीतल्या एका मुलानं हीच कादंबरी निवडली होती. आवाज खणखणीत, हावभाव झकास. त्यानं सांगितलेली गोष्ट मी सिनेमात पाहिली होती अगदी तशीच होती, म्हणून मला ती पसंत पडली.

मग ही मुलगी उभी राहिली. पुस्तक तेच. पण तिची गोष्ट सुरू झाली समुद्रकिनाऱ्यावर, तिथं एका लहान मुलीला सरड्यासारखा प्राणी चावतो. हे कुठलं? मी कपाळाला आठ्या घातल्या. पुढे ती म्हणाली, वकील शेवटपर्यंत जिवंत राहतो. सिनेमात तर तो संडासात लपतो आणि तिथंच जनावराच्या तोंडी जातो. तो प्रसंग मी वर्गात इतक्यांदा रंगवून सांगितला होता की पोरांना पाठ होता. मग ती म्हणाली, ज्या म्हाताऱ्यानं ते बेट आणि ती जनावरं उभी केली तो टेकडीवर पाय मुरगळून पडतो, आणि कोंबडीएवढे बारके डायनासोर येऊन त्याला खातात.

मी तिला थांबवलं. "म्हातारा मरत नाही."

"मरतो सर."

"तो हेलिकॉप्टरमध्ये बसून जातो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी बी डोळ्यांनीच वाचलंय, सर."

पोरं हसली. कशाला हसली कोण जाणे, मला वाटलं मलाच हसली. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "पुस्तक न वाचता मनानं रचून सांगतेस? खोटारडी कुठली! आण ती किल्ली इकडं."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि रांगेत जाऊन बसली. पहिला नंबर आणि बक्षिसाची ढाल मी त्या मुलाला दिली. पेटीत त्या पुस्तकाची प्रत एकच होती आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे ती या मुलीच्या दप्तरात होती. मग त्या मुलानं वाचलं काय? विज्ञानाच्या मास्तराला एवढा साधा प्रश्न पडला नाही.

मे महिन्यात पेटीतल्या पुस्तकांची मोजदाद माझ्याकडे आली. ती कादंबरी हाताला लागली आणि मी व्हरांड्यातच वाचायला बसलो. तीन दिवसांत संपवली. पहिल्या काही पानांतच समुद्रकिनारा होता. वकील शेवटपर्यंत जिवंत होता. शेवटी लष्कर येऊन बेट जाळून टाकतं, सिनेमात बेट तसंच मागं राहतं. आणि म्हातारा मरतो. पाय मुरगळून, टेकडीवर, एकटा. सिनेमातला म्हातारा हौशी आजोबांसारखा वाटतो, त्याचा राग येत नाही. पुस्तकातला हट्टी आहे. सगळं डोळ्यांदेखत कोसळत असतानाही चूक दुसऱ्यांची होती, आपली नव्हे, हेच तो मनाशी घोळवत राहतो. तसं घोळवता घोळवताच त्याचा पाय घसरतो.

ते पान मी दोनदा वाचलं. मग पुस्तक पेटीच्या तळाशी घातलं, वर भूगोलाचे नकाशे ठेवले.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी हेडमास्तर समोर होते, दुसऱ्या दिवशी पाहुणे. पोरं तिला "ए खोटारडे" म्हणून हाका मारत होती, तेही मी ऐकत होतो. पावसाळा संपायच्या आत ती दाखला काढून आष्टीला मामाकडे गेली. घरची अडचण असेल, अशी मी मनाची समजूत घातली. असेलही. मी विचारलं नाही.

याला पंचवीसेक वर्षं झाली. निवृत्त झालो, सत्कार झाला, आदर्श शिक्षक म्हणून भाषणं झाली. दर वेळी शाल अंगावर पडली की ती रांगेत जाऊन बसलेली दिसायची. सिनेमानं त्या म्हाताऱ्याला सोडून दिलं, तसं मलाही कुणीतरी परस्पर सोडून द्यावं असं वाटायचं.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि मलाही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये घेतलं. कुणीतरी त्या स्पर्धेचा फोटो टाकला. खाली एकानं लिहिलं, "ती खोटारडी कुठं हाय बे सध्या?" त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. ते नाव मी ठेवलेलं होतं आणि ते अजून चालू होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं की ती आष्टीलाच असते, दूध संकलन केंद्र चालवते. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो.

केंद्रावर सकाळची गर्दी ओसरत होती. एक शेतकरी काउंटरवर हुज्जत घालत होता, "आवं ताई, माझ्या म्हशीला येवढी कमी फॅट कशी लागंल?" ती म्हणाली, "दादा, म्हशीनं पाणी जास्त पेलं का तुमी पाजलं, ते मला काय ठावं. मशीन दावतंय ते मी सांगते." मागचा एक जण हसत म्हणाला, "ही बाई खोटं बोलत न्हाई बरं का, उगं नादी लागू नका."

मी कॅनच्या मागं उभा होतो. ते ऐकून मी पुढे झालो.

तिनं मला लगेच ओळखलं. "सर! तुमी कावून इतक्या लांब आलात?" खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा यायच्या आधीच मी बोलून टाकलं. पुस्तक मी मेमध्ये वाचलं होतं, तू बरोबर होतीस, मला तेव्हापासून माहीत होतं.

तिनं समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाली, "म्हंजी जूनमधी तुमाला माहीत व्हतं?"

"होतं."

"चुकलात त्याचं मला काय न्हाई सर. माणूस चुकतं. पण जूनमधी माहीत व्हतं..." तिनं फडक्यानं काउंटर पुसला. "मी लई दिवस मलाच इचारीत व्हते, आपुन खरंच तसं वाचलं का मनानंच रचलं."

"मला माफ कर, पोरी."

"हितं दुधाच्या कॅनपुढं नगं. तुमी सगळ्यांसमोर बोलला व्हतात. सगळ्यांसमोर सांगा. मी येते मेळाव्याला."

मेळाव्यात माझं भाषण शेवटी होतं. कागद खिशातच ठेवला. उभा राहिलो आणि किल्लीपासून नकाशांपर्यंत सगळं सांगितलं. ज्याला मी पहिला नंबर दिला होता तो आता गावचा पुढारी आहे, पुढच्याच खुर्चीत बसला होता. तो उठून म्हणाला, "सर, आता ढाल वापस देऊ का काय? मी तर निस्ता शिनेमाच बघितलता!" मंडप हसला. मीही हसलो, आणि मग मी मागं बसलेल्या तिच्याकडे बघून हात जोडले.

त्यानंतर मला सोपं वाटायला लागलं. सिनेमात काय, पुस्तकात काय, मी ओघात सांगत सुटलो. म्हणालो, त्या म्हाताऱ्याची दोन नातवंडं असतात, नात मोठी, नातू लहान...

मागून आवाज आला, "सर, ते शिनेमात. पुस्तकात भाऊ मोठा हाय."

सगळी डोकी वळली. ती उभी होती.

"बरोबर," मी म्हणालो. "चुकलो. पुढचं तूच सांग."

तिनं पदर सावरला आणि पुढे आली. मी माइक तिच्या हातात दिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो.